गंगुबाईची फळी आणि पेजेचा डबा

मित्रांनो, काल जिच्यावर तुम्ही चपला काढून ठेवल्यात आणि वर रंगाचा डबा आपटलात, ती जुनी सागवानी फळी मी. मित्रांनो म्हणते, कारण आपली कहाणी सांगताना तसं म्हणायची रीत आहे. नाहीतर तुम्ही माझे कुठले मित्र? मित्र असता तर भुशात सरस कालवून माझी भोकं लिंपायला बसला नसता. थांबा जरा. तो सरस गार होऊ दे. गार झाला की घट्ट होईल, मग तुम्हाला तो परत तापवायला न्यावा लागेल. तेवढ्यात माझं सांगून होईल.

मी साधीसुधी नाही. मी ब्रह्मदेशच्या सागाची. बोटीतून आले, रे रोडच्या वखारीत कापली गेले. तीन हात लांब, हातभर रुंद, आणि अख्खी. सांधा शोधून दाखवा. तुम्ही हल्ली खोक्याच्या पट्ट्या ठोकून त्याला टेबल म्हणता आणि वर प्लास्टिक पसरता. तसल्यांशी माझी तुलना करू नका.

गंगुबाईच्या नवऱ्याने मला वखारीतून खांद्यावर घालून काळाचौकीपर्यंत चालत आणली. चाळीतल्या सुताराने रंधा मारला. ज्या ढलप्या निघाल्या त्यासुद्धा बाईने चुलीसाठी उचलून ठेवल्या. पुढे दोन वर्षांत नवरा विषमज्वराने गेला. पदरात शिवा नावाचं पोर. तेव्हा बाईने तळमजल्याच्या खोलीत मला दोन विटांवर ठेवली आणि खानावळ सुरू केली. माझ्या एका टोकाला कांदा चिरायचा, दुसऱ्या टोकाला गरम भाकऱ्यांची चवड. गिरणीतली चाळीस माणसं माझ्या जोरावर जेवून उठायची. रात्री बाई राख आणि नारळाची शेंडी घेऊन मला घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची, आणि सणावाराला खोबरेल चोळायची. माझ्यावर ओला पेला ठेवून गेलेल्याची धडगत नसे.

"काय रे मेल्या, पुसायला तुझी आजी येणार आहे का गावासनं?"

माणूस अर्ध्या वाटेतून परत यायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. अशी होती माझी पत.

ती घालवली जयवंताने. जयवंत म्हणजे गणपती मंडळाचा चिटणीस. खादीचा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं चालायचं एकच. पंचावन्न सालच्या श्रावणात तो खानावळीत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, दहा दिवस फळी द्या. यंदा लढाईचा देखावा करतोय. मावळे आणि मोगल."

"दहा म्हणजे दहा," बाई म्हणाली. "अकराव्या दिवशी मी भाकऱ्या काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

मला मंडळाच्या खोलीत नेलं आणि जयवंताने गिरमिट काढलं. मला विचारलं नाही, बाईला विचारलं नाही, फिरवायला लागला. एक भोक, दोन भोकं, बत्तीस भोकं. ज्या अंगावर बाईने कधी सुरी आडवी लागू दिली नव्हती, त्या अंगाची ही दशा.

भोकं कशाला, तर सैनिक रोवायला. ते बनवायचा राजाराम. हा गिरणीच्या खात्यात साचा म्हणजे माग चालवायचा आणि गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. माणूस कमी बोलणारा, म्हणून मला बरा वाटायचा. तारेचा सांगाडा वाकवायचा, त्यावर सुतळी गुंडाळायची, वर शाडू चढवायचा. एका पायातून तारेचं टोक खाली ठेवायचं, ते माझ्या भोकात बसायचं. शाडू सुकला की पांढऱ्या रंगाचा हात, मग कपड्यांचे रंग, मग शस्त्रं, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढताना राजाराम खारीच्या केसांचा कुंचला घ्यायचा आणि श्वास रोखायचा. तीस वर्षं त्याने गणपतीचेच डोळे काढलेले. हाताला दुसरं वळण नाही. त्यामुळे झालं काय, की टीचभर उंचीच्या त्या मोगलांचेही डोळे लांबट, शांत, प्रसन्न. तलवार उगारलेली आणि बघतोय असा की आत्ता मोदक मागेल.

लोकांनी वाहवा केली ती सैनिकांची. माझं नाव कोणी काढलं नाही. चिखलाचे शूरवीर ते. माझ्या आधाराशिवाय एकाला दोन घटका उभं राहवत नव्हतं.

अकराव्या दिवशी मी घरी गेले. बाईने मला उजेडात धरली. उजेड आरपार आला.

"जयवंता, फळी नेलीस की चाळण करायला नेली होतीस?"

"मावशी, त्या फळीवर इतिहास उभा केला आपण."

"उभा केलास ना? आता भोकांत पीठ बसतं ते काढायला पाठव तुझ्या इतिहासाला."

तरी तिने मला टाकलं नाही. रोज रात्री शिवा खराट्याची काडी घेऊन माझ्या भोकांतलं पीठ काढत बसायचा. बावीस वर्षांचा गडी, गिरणीत बदली कामगार, पण आईने सांगितलं की गुपचूप बसायचा. शीळ घालत काडी फिरवायचा. मला ते आवडायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

मग छपन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीने ठरवलं आणि सगळा गिरणगाव रस्त्यावर उतरला. गिरण्या बंद, दुकानं बंद. मोठ्या रस्त्यावरून घोषणा यायच्या आणि मागोमाग गोळीबाराचे आवाज यायचे. खानावळीत चूल पेटली होती, पण जेवणारे चार. पाचवा अप्पा. हा म्हातारा खानावळीचा जुना गिऱ्हाईक, एकटा, मागल्या गल्लीत खोली करून राहायचा. तापाने तीन दिवस पडून होता. बाईने पेज केली, पितळी डब्यात घातली, झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्यावर ठेवून फडक्यात बांधला. त्या डब्याची ऊब मला अजून आठवते.

"शिवा, अप्पाला देऊन ये. गल्लीगल्लीतनं जा. मोठ्या रस्त्याला तोंड दाखवू नको."

"संध्याकाळी देतो ना आई. आता बाहेर बघ काय चाललंय."

"संध्याकाळपर्यंत म्हातारा काय हवा खाणार? जा म्हटलं ना?"

तो गेला. दारातून मला गल्लीचं तोंड दिसायचं. तो वळणावर पोचला तेव्हा बाईने हाक मारली, "तिरपा धरू नको रे, सांडेल!" त्याने मागे वळून बघितलं. हसला. आणि वळला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही. तासाभराने शेजारच्या चाळीतला माणूस डबा घेऊन आला आणि माझ्यावर ठेवून गेला. डब्याला एका बाजूने पोचा आला होता. फडक्याची गाठ तशीच होती. आत पेज होती, गार झालेली. एक थेंब सांडला नव्हता.

अप्पा वाचला. पण त्या दिवसापासून तो खानावळीत फिरकला नाही. बाईसमोर कुठल्या तोंडाने यायचं, म्हणून गल्ली बदलून जायचा. बाईने खानावळ तेराव्या दिवशी पुन्हा उघडली. रडताना तिला चाळीने पाहिलं नाही. बोलणं मात्र आधी तिखट होतं, आता कडू झालं.

त्या वर्षीच्या श्रावणात जयवंत परत आला. हात जोडलेले.

"मावशी, यंदा जानेवारीतला गोळीबार उभा करायचा. आपल्या चाळीचा शिवा हुतात्मा झाला. त्याला फळीवर अगदी पुढे ठेवणार."

बाईने हातातला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "फळी ने. पण माझा पोर जसा होता तसा उभा कर. त्यात मला कमी नको आणि जास्त नको."

"मावशी, बघतच राहाल."

बघितलंच तिने. कारण त्यांनी काय केलं ते ऐका. नवे सैनिक बनवायला वेळ नाही, म्हणून गेल्या वर्षीची पेटी काढली. मोगलांच्या दाढ्या सुरीने खरवडल्या. अंगरखे गुडघ्यावर छाटले, निळे रंगवले. पगड्या चेपून पिवळ्या टोप्या केल्या. भाले मोडून बंदुका दिल्या. झाले पोलीस. मावळ्यांच्या ढाली काढून घेतल्या, झाले गिरणी कामगार. माझ्यावर सरस ओतून वाळू पसरली, काजळी फासली, तो झाला रस्ता. तार ठोकून चपटी केली, ते ट्रामचे रूळ. सिगारेटच्या खोक्यांची दुकानं. अंगाला नुसती खाज.

आणि शिवा? गेल्या वर्षी एक निशाण धरलेला मावळा होता. त्याचं मुंडासं तासलं, सदरा-पायजमा रंगवला, निशाणाला कागदाचा नवा झेंडा चिकटवला, तोंड उघडं ठेवलं, छाती पुढे. माझ्या ऐन पुढच्या काठावर गिरमिटाने नवीन भोक पाडलं आणि त्याला तिथे रोवला. बंदुकांच्या समोर.

स्थापनेला दोन दिवस होते तेव्हा बाई बघायला आली. पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. आधी पोलिसांकडे वाकून बघितलं.

"ह्या शिपायाला दाढी आहे अजून. अर्धी."

"ती सावली आहे मावशी."

"आणि डोळे बघ मेल्यांचे. गोळ्या घालतायत की आरतीला उभे आहेत?"

राजाराम कोपऱ्यात कुंचले धूत होता. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, माझ्या हाताला तेवढेच डोळे येतात."

मग बाईने पुढच्या काठाकडे बघितलं. "हा कोण?"

"शिवा," जयवंत म्हणाला.

"हा शिवा? ह्याच्या हातात काय आहे?"

"झेंडा."

"माझ्या पोराच्या हातात पेजेचा डबा होता."

खोलीत मंडळाची पाच-सहा माणसं होती. जयवंत हळू आवाजात म्हणाला, "मावशी, समजून घ्या. लोक लांबून लांबून येणार. हुतात्मा पेजेचा डबा घेऊन चाललाय असं कसं दाखवायचं? लोक हसतील."

"पेज घेऊन चालला होता म्हणून काय कमी मेला तो?"

"तसं नाही हो. पण झेंडा असला की मान राहतो. तो आपल्या मर्जीने पुढे गेला, छातीवर गोळी घेतली, असं दिसतं. डबा दाखवला की पहिला प्रश्न येणार, अशा दिवशी त्याला बाहेर पाठवला कोणी?" एवढं बोलून तो थांबला. बोलू नये ते बोलून गेलो, हे त्याला कळलं होतं. "तुमच्यासाठीच म्हणतोय मी."

बाईचा चेहरा माझ्यापेक्षा लाकडी झाला.

"विचारू दे. मी पाठवला. नको म्हणत होता, तरी पाठवला. सांगायला मी जिवंत आहे. तू कोण माझ्या वतीने लपवणारा? झेंडा देऊन तू त्याला मोठा करत नाहीस, जयवंता. तू मला त्याच्यातून पुसतोयस."

"कमिटीचा ठराव झालाय मावशी."

"राजाराम," ती वळून म्हणाली, "तू बनवून दे मला माझा पोर."

राजारामाने जयवंताकडे बघितलं, मग धुतलेल्या कुंचल्यांकडे. "मंडळाचं काम आहे, वहिनी."

"मग धुवत बस कुंचले," बाई म्हणाली आणि निघून गेली.

स्थापनेच्या सकाळी मांडव भरला होता. गणपती लालबागहून निघाल्याचा निरोप आला होता, ढोल दुरून ऐकू येत होते. जयवंताने नवा सदरा घातला होता. तेवढ्यात बाई आली. काखेत रिकामी परात.

"फळी द्या माझी."

जयवंताला वाटलं चेष्टा आहे. "मावशी, आज?"

"आजच. सणाची चाळीस माणसं जेवायला आहेत. भाकऱ्या कुठे ठेवू, जमिनीवर?"

"अहो, तिच्यावर सगळा देखावा उभा आहे!"

"तो तुझा आहे. तो उचल. खालचं लाकूड माझं आहे, तेवढं दे."

"मंडळ तुम्हाला नवीन फळी आणून देईल..."

"माझ्या नवऱ्याने खांद्यावरून आणलेली देईल का?"

मित्रांनो, बत्तीस सैनिक, दोन रूळ, सहा दुकानं आणि अख्खा मोठा रस्ता माझ्यावर, आणि बाईने माझ्या एका टोकाला हात घातला. तिने मला बोटभर उचलली. दाढीवाला शिपाई सगळ्यात आधी पडला. खरं सांगते, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"थांबा, थांबा!" जयवंत ओरडला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"माहीत आहे तुला."

"आता ऐन वेळेला डबेवाला शिवा आणू कुठून?"

तेव्हा राजाराम गर्दीतून पुढे आला. खिशातून रुमाल काढला. रुमालात टीचभर उंचीचा माणूस होता. कोरा शाडू, नवीन, कोणाचं मुंडासं तासून केलेला नाही. साधा सदरा, पायजमा. दोन्ही हातांनी धरलेला डबा, फडक्यात बांधलेला, गाठीसकट. सगळे रंग दिले होते. फक्त डोळे नव्हते.

"घरी केला," राजाराम म्हणाला. "मंडळाचं सामान वापरलं नाही. डोळे तेवढे राहिलेत. वहिनी, तो कुठे बघत होता?"

जयवंत म्हणाला, "बंदुकीकडे, आणखी कुठे?"

"तुला विचारलं नाही," बाई म्हणाली. आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. "मागे बघत होता. मी हाक मारलेली. तिरपा धरू नको म्हटलं. वळून हसला."

राजाराम माझ्यासमोर मांडी घालून बसला. ढोल जवळ येत होते. त्याने खारीच्या केसांचा कुंचला काळ्या रंगात बुडवला, टोक ओठांनी सारखं केलं आणि श्वास रोखला. तीस वर्षं ज्याने प्रत्येक बुबुळ डोळ्याच्या ऐन मध्यावर ठेवलं, त्याने ती दोन बुबुळं पार कोपऱ्यात नेली. खांद्यावरून मागे बघणारी. रेघ चुकली नाही.

जयवंताने झेंडेवाला उपटला. पण नव्याला त्या भोकात बसवायला गेला तेव्हा बाईने त्याचं मनगट धरलं.

"तिथे नाही. पुढे नव्हता तो. गल्लीच्या तोंडाशी होता." आणि तिने माझ्या मागच्या कोपऱ्यात, सिगारेटच्या खोक्याच्या दुकानाआड, बोट टेकवलं. जयवंताने मुकाट्याने गिरमिट आणलं. ते एक भोक मी आनंदाने पाडून घेतलं.

दहा दिवस लोक आले. जयवंत वेताची काठी घेऊन माहिती सांगायचा. इथे पोलीस, इथे जनता. कोपऱ्यापर्यंत त्याची काठी कधी पोचली नाही. ऐन पुढचं रिकामं भोक मात्र सगळ्यांना दिसायचं. कोणीतरी विचारायचं, इथलं काय पडलं? मग नजर फिरत फिरत कोपऱ्यात जायची. "हा कोण हो, डबा घेऊन?"

बाजूला स्टुलावर बाई बसलेली असायची. "माझा. आजाऱ्याला पेज घेऊन चाललाय. मी पाठवलेला."

हे ती दहा दिवस सांगत होती. एकही माणूस हसला नाही. बायका तर पुढचं काही बघायच्याच नाहीत.

सातव्या दिवशी अप्पा आला. काठी टेकत, गर्दी ओसरल्यावर. कोपऱ्यातल्या त्या डब्याकडे बघत किती वेळ उभा होता कोण जाणे. बाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आठ महिने कुठल्या हॉटेलात जेवतोस रे म्हाताऱ्या? तब्येत बघ काय झालीय. उद्यापासून वेळेवर यायचं. पान वाया घालवायला माझ्याकडे तांदूळ फुकट आलेला नाही."

अप्पा दुसऱ्या दिवशी आला. वेळेच्या आधी.

विसर्जनानंतर जयवंताने मला परत करायला आणली, तर बाई म्हणाली, "राहू दे मंडळात. आता तिच्यावर भाकरी ठेवायची नाही." राजारामाने शिवाला उपटताना पायातली तार तुटली. तुकडा माझ्यातच राहिला. शिवाला बाईने घरी नेऊन फळकुटावर त्या पोचा आलेल्या डब्याशेजारी ठेवला. चार वर्षं गेली. यंदा, साठ साली, महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीला रोषणाई केली, माझ्यावर पेढ्यांची ताटं मांडली. बाईने एक पेढा खाल्ला, खानावळ अप्पाच्या पुतणीच्या हवाली केली आणि गावी गेली. शिवाला डब्यात घालून सोबत नेलं. झाकण घट्ट लावून.

म्हणून इथे बोलायला आता मी उरले.

जयवंताने तुम्हाला सांगितलंय, यंदा विजयाचा देखावा, फळी गुळगुळीत पाहिजे, जुनी भोकं बुजवा. बुजवा की. मोगलांची बुजवा, मावळ्यांची बुजवा. ऐन पुढचं तर सगळ्यात आधी बुजवा, त्यात जो उभा होता तो कधी नव्हताच. अंगावरची काजळी घासून काढा, पण राखेने घासा, त्या तुमच्या सोड्याने नको. कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्षातून एकदा खोबरेल चोळा. सागवान आहे, नीट ठेवलंत तर तुमच्या नातवंडांचे सैनिक उभे करीन.

पण मागच्या कोपऱ्यातलं ते एक भोक सोडा. त्यात तारेचा तुकडा आहे. बोट लावाल तर टोचेल. टोचू दे. टोचलं की कोणीतरी विचारेल, इथे काय होतं? मग त्याला सगळं सांगा. झेंडा सांगू नका, डबा सांगा. आणि कोणी पाठवला तेही सांगा, बाईने स्वतः सांगितलंय, तुम्ही लाजू नका.

झालं माझं. तुमचा सरस घट्ट झालाय, बघा. तापवायला जा. आणि जाताना माझ्यावरच्या त्या चपला उचला.